स्कूटरच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल का गळतं? बहुतेक वेळा दोष एका इवल्याशा नीडलचा असतो

सकाळी कामाच्या घाईत स्कूटर स्टँडवरून काढावी आणि पेट्रोलचा भपकारा यावा, हा अनुभव जुनी स्कूटर वापरणाऱ्या अनेकांना येतो. खाली वाकून बघितलं की इंजिनाजवळून खाली आलेल्या एका बारीक रबरी नळीच्या टोकाला थेंब लटकलेला दिसतो. जमिनीवर ओला डाग असतो. कुणी तो पायाने पुसून गाडी चालू करतं. कुणी त्या नळीत स्क्रू कोंबतं आणि गळती थांबली म्हणून खूश होतं. पहिल्या प्रकारात आगीचा धोका आहे. दुसऱ्या प्रकारात तेच पेट्रोल गुपचूप इंजिनात उतरतं.

मुंबईत वरळीसारख्या भागात हा प्रश्न जरा जास्तच भेटतो. एका बाजूला समुद्र, खारी हवा, चार महिने पाऊस. दुसऱ्या बाजूला जागेची टंचाई. कोळीवाड्याच्या अरुंद गल्लीत स्कूटर घराच्या भिंतीला टेकून उभी असते. बीडीडी चाळींत ती दोन इमारतींच्या मधल्या जागेत किंवा जिन्यालगत लावली जाते. म्हणजे गळणारं पेट्रोल आणि कुणाच्या तरी दारातली उदबत्ती, शेगडी किंवा बिडी यांच्यात फार अंतर नसतं.

सगळ्यात आधी

वास आला किंवा थेंब दिसला की गाडी चालू करायची नाही, चावीही फिरवायची नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, गटाराकडे आणि खोलगट जागेकडे सरकते. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे मुंबईच्या हवेत तर ते कायमच पेटायच्या तयारीत असतं. हवेत जेमतेम दीड टक्का वाफ मिसळली तरी ठिणगी पुरते.

म्हणून गाडी हाताने ढकलत उघड्यावर न्यावी, मेन स्टँडवर लावावी, पेट्रोलचा कॉक हाताने बंद करता येत असेल तर तो बंद करावा. सांडलेल्या पेट्रोलवर माती किंवा वाळू टाकावी. पाण्याने ते गटारात ढकलू नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि वाफ गटारातून पुढच्या दारापर्यंत पोहोचते. पेट घेतलाच तर पाणी मारू नये. कोरड्या पावडरचं अग्निशामक किंवा वाळू वापरावी आणि १०१ वर फोन करावा. गाडी वाचवायला हात घालू नये.

आपल्या स्कूटरला कार्बोरेटर आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण आधी तोच सोडवावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या स्कूटरमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. होंडाची अ‍ॅक्टिव्हा २००१ मध्ये आली ती कार्बोरेटर घेऊनच, आणि २०२० च्या जानेवारीत आलेल्या ६जी मॉडेलपासून ११० सीसी अ‍ॅक्टिव्हातून तो गेला. ढोबळ हिशेब असा की आरसी बुकवर २०२० च्या आधीचं साल असेल तर बहुधा कार्बोरेटर, नंतरचं असेल तर इंजेक्शन.

इंजेक्शनच्या गाडीला पेट्रोलचा वास येत असेल तर हा लेख तिथे लागू नाही. त्या नळीत पेट्रोल साधारण ३ बार इतक्या दाबाने असतं, म्हणजे गळती सुरू झाली की थेंब नाही, फवारा येतो. ती गाडी घरी उघडू नये, थेट वर्कशॉपला न्यावी. कार्बोरेटरच्या गाडीत असा दाब नसतो. पेट्रोल बहुतेक ठिकाणी निव्वळ उतारानं खाली येतं. म्हणून तिथला दोष घरच्या घरी निदान ओळखता तरी येतो.

बाऊल, फ्लोट आणि नीडल

कार्बोरेटरचं काम हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळायचं. त्यासाठी त्याच्या पोटात थोडं पेट्रोल नेहमी एकाच पातळीला असावं लागतं. पातळी कमी झाली की गाडी मिसिंग करते, वाढली की काळा धूर, ओला प्लग आणि घसरलेलं अ‍ॅव्हरेज.

ही पातळी सांभाळणारी व्यवस्था घरातल्या पाण्याच्या टाकीसारखीच आहे. टाकी भरली की बॉल वर येतो आणि पाणी बंद होतं. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला बाऊल म्हणतात. त्यात प्लॅस्टिकचा किंवा पितळेचा फ्लोट तरंगतो. फ्लोटला लटकलेली असते नीडल, म्हणजे टोकदार पिन. काही मेकॅनिक हिलाच 'पिन' म्हणतात. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येतो, नीडल वरच्या पितळी भोकात, म्हणजे सीटमध्ये, जाऊन बसते आणि पेट्रोल थांबतं. पेट्रोल वापरलं गेलं की फ्लोट खाली येतो आणि भोक पुन्हा उघडतं. गाडी चालू असेपर्यंत हे अखंड चालू असतं.

नीडल सीटमध्ये नीट बसली नाही तर? पेट्रोल येतच राहतं. बाऊल काठोकाठ भरतो. अशा वेळी पेट्रोल इंजिनात जाऊ नये म्हणून बाऊलमध्ये एक उभी बारीक नळी ठेवलेली असते. जास्तीचं पेट्रोल तिच्यातून खाली, रबरी ओव्हरफ्लो पाइपमधून रस्त्यावर पडतं. गॅरेजच्या भाषेत 'गाडी ओव्हर होते' ती हीच.

थोडक्यात, ज्या पाइपमधून थेंब पडतो तो पाइप बिघडलेला नसतो. तो आपलं काम चोख करत असतो. तो बंद केला तर बाऊलमधलं पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडातून इंजिनात उतरतं. म्हणून स्क्रू कोंबण्याचा उपाय हा धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवण्यासारखा आहे. पाइप तुटला किंवा निघाला असेल तर मात्र तो लगेच नवा टाकावा. सायलेन्सर आणि तापलेल्या इंजिनापासून दूर, पेट्रोल सुरक्षित जागी पडावं म्हणूनच तो खालपर्यंत नेलेला असतो.

थेंब कुठून पडतो आणि कधी पडतो

आता खरी तपासणी. बरेच जण गळती दिसली की सरळ 'कार्बोरेटर साफ करून द्या' म्हणतात. साफ करून घेतलेला कार्बोरेटर पंधरा दिवसांनी पुन्हा गळतो, कारण दोष दुसरीकडेच असतो. दोन प्रश्नांची उत्तरं आधी मिळाली तर निम्मं काम होतं.

पहिला प्रश्न, कुठून? इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सगळा भाग कापडाने कोरडा पुसून घ्यावा आणि टॉर्च घेऊन बघावं. मोबाइलच्या टॉर्चपेक्षा साधी बंदिस्त टॉर्च बरी, फोन खिशातून काढून बाजूलाच ठेवावा. खाली कोरडा पुठ्ठा ठेवला की डाग नेमका कुठे पडतो ते कळतं. पेट्रोल लवकर उडून जातं, त्यामुळे जमिनीवरच्या खुणेवर फार विसंबता येत नाही. चिकट डाग राहिला तर ते ऑइल असण्याची शक्यता जास्त.

टाकीकडून कार्बोरेटरकडे येणारी रबरी नळी दोन्ही टोकांना तपासावी. जुनी नळी क्लिपपाशी कडक होते, तिला बारीक भेगा पडतात. ती वाकवून बघितली की भेगा उघडतात. तसं असेल तर कार्बोरेटर उघडायची गरजच नाही. नळी आणि क्लिप बदलायची, पण नळी पेट्रोलचीच घ्यायची. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी काही दिवस छान दिसते, मग कडक होऊन निसटते.

बाऊल आणि वरचा भाग जिथे जुळतो त्या सांध्यातून ओल येत असेल तर दोष तिथल्या रबरी रिंगचा किंवा गॅस्केटचा. स्क्रू ढिले असू शकतात. ते हलक्या हाताने आवळावेत, कारण कार्बोरेटरची बॉडी नरम धातूची असते आणि आटे पटकन जातात.

आणि पाइपमधून थेंब येत असेल तर? तरीही लगेच नीडलला दोष देऊ नये. बाऊलच्या तळाला पेट्रोल काढून टाकायचा एक ड्रेन स्क्रू असतो. अनेक कार्बोरेटरमध्ये ड्रेनचं आणि ओव्हरफ्लोचं पेट्रोल एकाच पाइपने बाहेर येतं. स्क्रू अर्धा आटा ढिला राहिला, तरी बाहेरून दिसणारी गळती हुबेहूब ओव्हरफ्लोसारखी दिसते. सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्याच दिवशी गळती सुरू झाली असेल तर आधी हा स्क्रू बघावा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि यावर नवा कार्बोरेटर घेतलेलेही सापडतील.

दुसरा प्रश्न, कधी? इंजिन चालू असतानाच गळतं की रात्रभर उभी असतानाही? फक्त साइड स्टँडवर गळतं आणि मेन स्टँडवर थांबतं का? साइड स्टँडवर बाऊल तिरका होतो, फ्लोटही तिरका होतो. दोन-चार थेंब त्यामुळे पडू शकतात. मेन स्टँडवरही गळत असेल तर दुरुस्ती लागणारच.

रात्रभर गळण्याचा अर्थ मात्र वेगळा आहे, आणि तो गाडीगणिक बदलतो.

उभ्या गाडीतून गळतं म्हणजे दोष दोन आहेत

चेतक किंवा प्रियासारख्या जुन्या स्कूटरला हाताने फिरवायचा पेट्रोल कॉक असायचा. चालू, रिझर्व्ह, बंद. तो रात्री बंद केला की नीडल खराब असली तरी बाऊलमधलं थोडंसं पेट्रोल सोडून काही गळायचं नाही. घरातली जुनी माणसं स्कूटर लावताना आठवणीने कॉक बंद करायची, ती सवय उगाच नव्हती.

गिअरलेस स्कूटर आल्या आणि हा कॉक बऱ्याच गाड्यांत आपोआप चालणारा झाला. अ‍ॅक्टिव्हासारख्या गाड्यांत इंजिन चालू झालं की त्याच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, कॉकमधला एक रबरी पडदा उचलला जातो आणि पेट्रोल सुटतं. इंजिन बंद झालं की स्प्रिंग तो पडदा खाली दाबते आणि पेट्रोल थांबतं. चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही, त्यामुळे असा कॉक गाडीत आहे हेही अनेकांना ठाऊक नसतं.

आता साधा हिशेब. बाऊलमध्ये मावून मावून काही चमचे पेट्रोल मावतं. इंजिन बंद असताना कॉक बंद असायला हवा. मग सकाळी खाली मोठं थारोळं दिसत असेल तर ते बाऊलमधलं असूच शकत नाही, ते टाकीतून आलेलं आहे. म्हणजे नीडल गळते आहे आणि कॉकही बंद होत नाही. एकटी नीडल बदलली तर गळती थांबेल, पण कॉकचा दोष तसाच राहील, आणि पुढच्या वेळी नीडलखाली कचऱ्याचा कण अडकला की पुन्हा तेच.

कॉक तपासायला केमिस्टकडे मिळणारी सुईशिवायची मोठी सिरिंज पुरते. इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, कॉककडून कार्बोरेटरला जाणारी नळी काढून ती पेट्रोलला चालणाऱ्या डब्यात सोडावी. इंजिन बंद आहे, म्हणजे काही यायला नको. धार किंवा थेंब आले तर कॉक गेला. काही आलं नाही तर कॉकच्या बारीक व्हॅक्यूम नळीला सिरिंज लावून हळूच ओढावं. पेट्रोल सुरू व्हायला हवं आणि सिरिंज सोडल्यावर थांबायला हवं. सिरिंजमध्येच पेट्रोल आलं तर रबरी पडदा फाटलेला आहे.

हा फाटलेला पडदा सगळ्यात फसवा, कारण तो बाहेर एक थेंबही दाखवत नाही. पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीने सरळ इंजिनाच्या तोंडाशी जातं. तिथून सिलिंडरमध्ये, आणि पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये. तक्रार ऐकू येते ती अशी: गाडी सकाळी सुरू होत नाही, झाली की काळा धूर सोडते, अ‍ॅव्हरेज पडलंय, पण गळत तर कुठेच नाही.

म्हणून ऑइलची काडी बघायची

गळती कुठलीही असो, गाडी पुन्हा चालू करण्याआधी ऑइलची काडी काढून बघावी. चार स्ट्रोकच्या ११० सीसी स्कूटरमध्ये ऑइल साधारण पाऊण लिटर असतं. त्यात थोडं पेट्रोल मिसळलं तरी फरक पडतो. पातळी आधीपेक्षा वर दिसली, ऑइल पाण्यासारखं पातळ झालं, वास पेट्रोलचा आला, तर ते ऑइल इंजिनाला वंगण देत नाही. तशी गाडी वरळी नाक्यापासून दादरपर्यंत नेली तरी आतले भाग कोरडे घासू लागतात. दोष दुरुस्त करून ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नये. ऑइल आधी बदललं आणि कॉक नंतर बघू म्हटलं, तर नवं ऑइलही रात्रीत तसंच होतं.

याहून वाईट शक्यता म्हणजे सिलिंडर पेट्रोलने भरणं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पिस्टन वर येताना अडतो. किक खाली जात नाही, सेल्फ मारला तर नुसता 'टक' आवाज येतो. इथे ताकद लावणारे कनेक्टिंग रॉड वाकवून बसतात. किक अडली की थांबायचं आणि मेकॅनिकला बोलवायचं.

नीडल का गळते

सगळ्यात साधं कारण कचरा. टाकीतला गंज, कॉकची फाटलेली जाळी, जुन्या नळीचे रबरी कण. एक कण नीडल आणि सीटच्या मध्ये अडकला की पुरे. अशा वेळी बाऊलवर स्क्रू ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हलकेच दोन-तीन टकटक केली की कधीकधी कण सुटतो आणि गळती थांबते. रस्त्यात अडकल्यावर हा उपाय चालतो. पण तो कण बाऊलमध्येच राहतो आणि त्याचे भाऊबंद टाकीत असतात.

दुसरं कारण झीज. नीडलच्या टोकाला बहुधा रबर असतं. हजारो वेळा सीटवर बसून त्या रबरावर गोल खाच पडते. नखाने जाणवली तरी नीडल बदलावी. नीडलच्या मागच्या टोकाला एक बारीक दांडी असते, ती दाबली की स्प्रिंगवर परत बाहेर यायला हवी. अडकली असेल तर तीही नीडल बाद.

तिसरं कारण फ्लोट. त्याला भेग पडून आत पेट्रोल शिरलं की तो जड होतो आणि तरंगत नाही. कानाजवळ हलवून बघितला की आतला खळखळाट ऐकू येतो.

चौथं कारण क्वचित सापडतं, पण सापडत नाही म्हणूनच त्रास देतं. बाऊलमधली ती उभी ओव्हरफ्लो नळी मुळाशी चिरते. मग नीडल नवी, फ्लोट चांगला, पातळी बरोबर, तरी पेट्रोल चिरेतून खाली येतच राहतं. बाऊल वेगळा काढून त्यात थोडं पेट्रोल, नळीच्या टोकाच्या खाली राहील इतकंच ओतून ठेवलं की पाच-दहा मिनिटांत खरं-खोटं कळतं.

कार्बोरेटर गाडीवरून काढलेला असेल तर नीडलचीही एक सोपी चाचणी आहे. बाऊल काढून कार्बोरेटर उलटा धरायचा. आता फ्लोटच्या वजनानेच नीडल सीटमध्ये बसते. पेट्रोल येण्याच्या तोंडाला सिरिंज लावून हवा दाबायची. हवा आत जायला नको. जात असेल तर नीडल किंवा सीट गेली. तोंडाने फुंकून बघणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत, पण पेट्रोल तोंडात जाणं ही काही मर्दुमकी नाही. सीटची सफाई कापसाच्या काडीने करावी. सॅंडपेपर किंवा तार घातली की पितळेवर ओरखडा पडतो आणि मग नवी नीडलही तिथे बसत नाही. लहान कार्बोरेटरमध्ये सीट बॉडीतच ठोकलेली असते, ती वेगळी मिळत नाही. सीट खराब म्हणजे अख्खा कार्बोरेटर बदलायचा.

खारी हवा, उभी गाडी आणि इथेनॉल

वरळीच्या किनाऱ्यालगत उभ्या असलेल्या स्कूटरचा कार्बोरेटर उघडला की बॉडीवर पांढरी पूड दिसते. ओलावा आणि खारी हवा नरम धातूला खातात. पण त्याहून मोठं नुकसान होतं ते गाडी उभी राहिल्याने. बाऊलमधल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखा थर उरतो. नीडल त्यात अर्धवट अडकते. २०२० च्या लॉकडाऊननंतर गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या तेव्हा गॅरेजांत याच तक्रारी होत्या. पावसाळ्यात दोन महिने झाकून ठेवलेल्या स्कूटरचं आजही तेच होतं.

त्यात आता ई-२० पेट्रोलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट सरकारने २०२५ मध्ये गाठलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. टाकीचा तळ म्हणजे कॉकचं तोंड, आणि बाऊलचा तळ म्हणजे जेट. शिवाय जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं किंवा कडक होतं. ई-२० ला चालतील अशा साहित्याच्या गाड्या २०२३ पासून येऊ लागल्या, आणि कार्बोरेटरच्या स्कूटर २०२० लाच थांबल्या होत्या. म्हणजे रस्त्यावरची जवळपास प्रत्येक कार्बोरेटरची स्कूटर ई-२० च्या आधीची आहे.

याचा अर्थ ई-२० भरलं की उद्या गळती लागेल असा नाही. समाजमाध्यमांवर तसं सांगितलं जातं, ते अतिरंजित आहे. जुन्या काही गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये मान्य केलं. म्हणून नीडल बदलायला कार्बोरेटर उघडलाच असेल तर बाऊलची रिंग, ड्रेन स्क्रूची रिंग आणि पेट्रोलची नळी एकदमच बदलून घ्यावी. हे सगळं मिळून अख्ख्या कार्बोरेटरच्या मानाने स्वस्त पडतं.

चेतकचा मामला निराळा

मुंबई-पुणे पट्ट्याचं स्कूटरशी नातं जुनं. भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने पन्नासच्या दशकात लॅम्ब्रेटा आणली, बजाजने साठच्या दशकात आकुर्डीत व्हेस्पा बनवली आणि १९७२ मध्ये चेतक आली. आजही दादर-परळच्या गल्ल्यांतून एखादी चेतक फटफटत जाते.

चेतकचा कार्बोरेटर पत्र्याच्या झाकणामागे, एका डब्यात बसलेला असतो. तिथे नीडल गळली तर पेट्रोल रबरी पाइपमधून सभ्यपणे खाली येत नाही. ते डब्यात साचतं, किंवा कार्बोरेटरमधून थेट इंजिनाच्या पोटात उतरतं. दोन स्ट्रोकच्या इंजिनात खाली वेगळं ऑइल नसतं, त्यामुळे ऑइल बिघडण्याची भीती नाही. पण इंजिन 'ओव्हर' होतं, प्लग भिजतो आणि किक मारून पाय दुखतो. उपाय जुनाच. कॉक बंद करायचा, प्लग काढून कोरडा करायचा, मोकळ्या हवेत आतलं पेट्रोल उडू द्यायचं आणि मग नीडलकडे वळायचं.

किक मारण्याआधी चेतक तिरकी करायची पद्धत तर सगळ्यांनी पाहिलेली आहे. तिरकी केली की कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी हलते आणि थंड इंजिनाला सुरुवातीला थोडं जास्त पेट्रोल मिळतं, असं जुने मेकॅनिक सांगतात. पण गाडी आधीच ओव्हर झाली असेल तर तिरकी करून आणखी पेट्रोल पाजणं म्हणजे बुडत्याला पाणी देणं. २०२० मध्ये चेतक हे नाव परत आलं ते विजेच्या स्कूटरवर. तिला गळायला पेट्रोलच नाही.

दुरुस्ती कुठे, आणि तोवर गाडी कुठे

नीडल, रिंगा, कॉक हे सुटे भाग कंपनीच्या डीलरकडे मिळतात. जुन्या मॉडेलचे भाग मिळेनासे झाले की लोक ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजाराची वाट धरतात. नीडल घेताना जुनी नीडल सोबत न्यावी. लांबी केसाएवढी जरी वेगळी असली तरी पातळी बदलते आणि गळती नव्याने सुरू होते. मेकॅनिकने भाग बदलल्यावर गाडी तिथेच मेन स्टँडवर, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं आणि बंद करून आणखी दहा मिनिटं, खाली कोरडा पुठ्ठा ठेवून बघावी. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. कडक झालेली रिंग किंवा खाच पडलेली नीडल हातात आली की काम खरंच झालं हे कळतं.

गाडी महिनाभर वापरायची नसेल तर हाताचा कॉक असलेल्या स्कूटरमध्ये तो बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. आपोआप चालणाऱ्या कॉकच्या गाडीत ड्रेन स्क्रूने बाऊल रिकामा करून घ्यावा.

राहिला प्रश्न पार्किंगचा. वरळीत बीडीडीच्या १२१ चाळी होत्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या. त्यांच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत आणि पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्या गेल्या. चाळीत स्कूटर उघड्यावर असायची, वारा वाफ घेऊन जायचा. टॉवरच्या पार्किंगमध्ये तितका वारा नसतो. शेजारी चार्जिंगला लावलेली विजेची गाडी, स्विचबोर्ड, लिफ्टची मोटर असते आणि खाली जमिनीलगत जड वाफ साचते. त्यामुळे चाळीत 'थोडं गळतं, चालतंय' म्हणून सांभाळलेली स्कूटर तशीच आत नेऊन लावता येत नाही. दुरुस्ती होईपर्यंत ती बाहेर, उघड्यावर, कॉक बंद करून किंवा टाकी रिकामी करून ठेवावी आणि वॉचमनला तसं सांगून ठेवावं.